पहिल्यांदाच वारीत चालताय? जेजुरी ते तरडगाव हा टप्पा धरा

शहरातली नवखी माणसं वारीत चालायचं म्हणून निघतात, तेव्हा बहुतेक वेळा आळंदी–पुणे नाहीतर पुणे–सासवड हा टप्पा धरतात. घर जवळ, सुट्टी एका दिवसाची, म्हणून सोयीचं वाटतं. पण पुणे–सासवड हा माऊलींच्या पालखीचा सगळ्यात लांब टप्पा आहे. तीस किलोमीटरच्या वर चाल, शेवटी दिवेघाटाची चढण, आणि त्या दिवशी बघायला आलेल्यांचीच इतकी गर्दी की वारकरी कुठला आणि हौशी कुठला ते कळत नाही. एवढं चालून रात्री घरी परतलेला माणूस ‘वारी केली’ म्हणतो खरा, पण त्याने एकही मुक्काम पाहिलेला नसतो. अर्धी वारी तर मुक्कामावर असते.

माझं म्हणणं, सासवडच्या पुढचं धरा. जेजुरी ते वाल्हे सुमारे १२ किलोमीटर, वाल्हे ते लोणंद सुमारे २०, लोणंद ते तरडगाव जेमतेम ८. आधी बेताची चाल, मग एक दमवणारा दिवस, मग पुन्हा हलका. वाटेत खिंड आहे, नीरा नदी आहे, शेवटच्या दिवशी उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या मधून अश्वांची धाव, आहे. गर्दी इथेही असते, पण ती चालणाऱ्यांची.

‘एवढं चालवेल का?’ हा प्रश्न सगळे विचारतात. झोपायचं कुठे, पहाटे तीनला अंघोळ कशी करायची, ओले कपडे वाळवायचे कुठे, परत कसं यायचं, हे कुणी विचारत नाही. चालणं जमतं. पावलं आपसूक पडतात, पुढचा-मागचा ओढून नेतो. नवख्यांचे हाल होतात ते थांबल्यावर. म्हणून या लेखात चालण्यापेक्षा मुक्कामाचंच जास्त आहे.

१. आधी तिथी, मग रजा

माऊलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं आणि आषाढी एकादशीला पंढरपूर. सगळं गणित तिथीचं. इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात, अधिक महिना आला तर चांगल्याच पुढे सरकतात. आळंदीचं संस्थान वेळापत्रक आधी जाहीर करतं. ते हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका आणि मागच्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज बांधू नका.

मोठी मेख लोणंदला आहे. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की त्याचा परिणाम मुक्कामांवर होतो, आणि लोणंदचा मुक्काम काही वर्षी एका रात्रीचा तर काही वर्षी त्याहून लांबतो. त्यामुळे चालायचे दिवस तीन असले तरी रजा टाकताना हा मुक्काम नीट बघून टाका, एक दिवस हाताशी जादा ठेवा. आदल्या संध्याकाळी जेजुरीत पोचायचं आहे, तोही दिवस धरा.

दुसरा घोळ पालख्यांचा. तुकोबारायांची पालखी देहूहून एक दिवस आधी, म्हणजे ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. पुण्यात दोन्ही पालख्या मुक्कामाला असतात, तिथून वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवतकडून बारामती, इंदापूरला जाते; माऊलींची सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणकडून. ‘पालखी आज कुठे आहे?’ एवढंच विचारलंत तर कुणीतरी मनापासून चुकीच्या पालखीचं उत्तर देईल. नाव घेऊन विचारा.

२. दिंडी गाठा, एकटे जाऊ नका

मोकळं चालणारेही हजारो असतात. पिशवी खांद्याला लावायची, पालखीच्या मागेपुढे चालायचं, मिळेल ते खायचं, जागा दिसेल तिथे पाठ टेकायची. सरावलेल्याला ते जमतं. पहिल्या खेपेला दिंडीच बरी, कारण तंबू, जेवण, सामानाचा ट्रक आणि ‘हा आपला माणूस आहे’ म्हणणारे चार जण, हे सगळं तिथेच मिळतं.

दिंडी शोधायची तर गावाकडून सुरुवात करा. आजोळ, सासर, गावातलं विठ्ठल मंदिर, भजनी मंडळ. कुणाचे तरी मामा, कुणाच्या तरी आत्या वर्षानुवर्षं चालत असतात. तिथून दिंडीप्रमुखांचा फोन मिळतो. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. तुम्ही पूर्ण वारी नाही, जेजुरी ते तरडगाव एवढंच चालणार. भिशी किती द्यायची. आणि झोपायची सोय तुमच्या वाट्याला आहे की नाही. भिशी म्हणजे जेवणाखाणासाठी आणि व्यवस्थेसाठी दिंडीत भरायचे पैसे. प्रत्येक दिंडीचा आकडा वेगळा असतो. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना बरेच प्रमुख ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणतात. तेव्हा हात आखडू नका. त्या पैशातूनच गॅस, डाळ आणि टँकरचं पाणी येतं.

दिंडीचा क्रमांक पाठ करा. ‘रथापुढे अमुक’ किंवा ‘रथामागे अमुक’ असा तो असतो. रथापुढे मानाच्या २७ दिंड्या, रथामागे कितीतरी जास्त. लाखोंच्या गर्दीत तुमचा पत्ता तोच आहे. हरवलात तर कुणालाही ‘रथामागे इतकी नंबरची’ म्हणून विचारा, बोटाने दिशा दाखवतील. नुसतं ‘सांगलीकरांची दिंडी’ म्हणालात तर सांगलीच्या चार दिंड्या फिराल.

माळ घातलेली नसेल तरी चालतं. मात्र त्या दिवसांत मांसाहार, दारू, तंबाखू यांपासून लांब राहा. दिंडीत आडनाव कुणी काढत नाही, विचारलंच तर ‘गाव कोणतं?’ एवढंच.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांत फार काही लागत नाही:

– आधार कार्डाची झेरॉक्स. मूळ कार्ड घरी ठेवलेलं बरं
– एका जाड कागदावर तुमचं नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन नंबर, दिंडी क्रमांक आणि दिंडीप्रमुखांचा नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात. मोबाइल बंद पडला की हाच कागद उपयोगी पडतो
– नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन दिवस जास्तीच्या गोळ्या
– सुट्टे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. मुक्कामाच्या तळाच्या आसपास इतके मोबाइल एकवटलेले असतात की नेटवर्क नावालाच उरतं आणि ऑनलाइन पैसे जात नाहीत

सामानाचे दोन भाग करा. ट्रकमध्ये जाणारी वळकटी आणि अंगावरची छोटी पिशवी. वळकटीत सतरंजी किंवा पातळ चटई, पांघरूण, खाली घालायला जाड प्लास्टिकचा कागद, कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, ताट-वाटी-तांब्या. सगळं आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग बॅगेत घाला, कारण ट्रकवर ताडपत्री टाकलेली असली तरी पाऊस कुठून ना कुठून शिरतोच. ट्रकमध्ये सगळ्यांच्या बॅगा एकसारख्या दिसतात, पांढऱ्या गोण्या तर विचारूच नका. तुमच्या बॅगेला लाल-पिवळी चिंधी घट्ट बांधा आणि वर दिंडी क्रमांक मार्करने लिहा.

अंगावरच्या पिशवीत लिटरभर पाणी, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्टी, खोबरेल तेल, टॉर्च, पॉवर बँक आणि डोक्यावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद. छत्री नको. दिंडीत ओळीने चालताना तिच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्यात जातात, आणि माळावरचा वारा ती उलटी करतो. रेनकोटमध्ये घाम इतका येतो की आतूनच भिजायला होतं. वारकरी डोक्यावरून कागद घेतात तो अनुभवातून आलेला उपाय आहे.

सोन्याची चेन, मंगळसूत्रातला जड डाग, महागडं घड्याळ घरी. वारीत चोर नसतात असं मानणारा भाविक चोरांना फार आवडतो.

पायांत काय घालायचं यावर वाद घालणारे भेटतील. माझं मत, पायाला बसलेली जुनी फ्लोटर किंवा मागे पट्टा असलेली चप्पल. बूट पावसात भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि ओल्या मोज्यात फोड हमखास. नवी कोरी चप्पल तर अजिबात नको. जी घालणार तीच घालून दोन-तीन आठवडे आधीपासून डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालायचा सराव करा. बागेतल्या मातीवरचा सराव इथे कामाला येत नाही.

४. जेजुरी गाठणं

पालखी सासवडहून जेजुरीला येते त्या दिवशी दुपारच्या आत जेजुरीत असा. पालखीमार्गावरची वाहतूक त्या दिवसांत वळवलेली किंवा बंद असते, त्यामुळे स्वतःची गाडी आणायचा मोह टाळा. गाडी लावाल कुठे हा एक प्रश्न, आणि तीन दिवसांनी चाळीस किलोमीटर मागे येऊन ती काढाल कशी हा दुसरा.

या टप्प्याचा एक फायदा लोक लक्षात घेत नाहीत. पुणे–मिरज रेल्वेमार्ग इथून जवळजवळ बरोबरीने जातो. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद या चारही ठिकाणी स्टेशन आहे. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, म्हणून वेळा आधी बघून ठेवा. रस्ता बंद असला तरी रेल्वे चालू असते, आणि मध्येच कुणाची तब्येत बिघडली, रजा संपली, घरून फोन आला, तर परतीचा मार्ग हाताशी राहतो. नवख्याला हा टप्पा सुचवण्याचं हेही एक कारण आहे.

पालखी जेजुरीत येते तेव्हा भंडारा उधळतात. कपड्यांवरची हळद धुऊन लवकर जात नाही, पांढरा सदरा असेल तर तयारीत राहा. पालखी यायच्या आधी आपला ट्रक आणि तंबू शोधून घ्या. अंधार पडल्यावर शेकडो राहुट्यांतून आपली ओळखणं कठीण. तंबूजवळची न हलणारी खूण हेरून ठेवा: पाण्याची टाकी, विजेचा खांब, मोठं झाड. ‘निळ्या ट्रकच्या शेजारी’ ही खूण नव्हे, तो ट्रक पहाटे निघून जातो.

५. मुक्कामावरची रात्र

खरी परीक्षा इथे. सगळ्या मुक्कामांना लागू पडेल असं सांगतो.

तळ म्हणजे एरवीचं मोकळं रान किंवा मैदान. पाऊस झाला की चिखल ठरलेला. तंबूत झोपायची जागा उताराच्या वरच्या अंगाला धरा. तंबूभोवती चर खणलेला नसेल तर कुदळ मागून खणायला हात लावा. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, आणि कागदाच्या कडा आत दुमडलेल्या, नाहीतर वरून गळलेलं पाणी कागदावरून वाहत तुमच्याच पाठीखाली येतं. चपला पिशवीत घालून उशाशी घ्या. पहाटे पायात घालण्याआधी चपला आणि पांघरूण झटका. शेतातला मुक्काम आहे, विंचूकाटा असू शकतो.

शौचाचा प्रश्न लाजून टाळण्यासारखा नाही. तळाजवळ फिरत्या शौचालयांच्या रांगा असतात. पहाटे चारनंतर तिथे गर्दी उसळते आणि स्वच्छता टिकत नाही. तीनच्या सुमारास उठा, किंवा रात्री झोपण्याआधी जाऊन या. आपली बाटली, आपला साबण, टॉर्च सोबत. उघड्यावर बसू नका. पालखी पुढे जाते, गाव तिथेच राहतं आणि पुढचे आठ दिवस घाण त्यांच्या दारात असते.

बायकांनी ही कामं दोघी-तिघींनी मिळून करावीत, अंधारात तर नक्कीच. काही दिंड्या बायकांसाठी शाळा, मंगल कार्यालय किंवा ओळखीच्या घरात सोय करतात, फोनवरच विचारून घ्या. दिंडीतल्या आजी-मावश्यांना सगळं ठाऊक असतं. कोणत्या वाड्यात न्हाणीघर आहे, कोण पाणी तापवून देतं, कुठे साड्या वाळत घालता येतात. त्यांच्याशी पहिल्याच संध्याकाळी गट्टी करा. पाळी येण्याचा संभव असेल तर पॅड आणि कागदाच्या पिशव्या जास्तीच्या ठेवा, वाटेतल्या दुकानांतला माल लवकर संपतो. त्या दिवसांत चालू नये असं सांगणारी एखादी भेटेल, ‘चल गं’ म्हणणाऱ्या चार भेटतील.

अंघोळ टँकरवर, नाहीतर विहिरीच्या मोटारीखाली. शेतकरी मुद्दाम मोटार चालू ठेवतात, जाड धार अंगावर घेतली की आदल्या दिवसाचा शीण उतरतो. साबणाचं पाणी विहिरीत किंवा पाटात जाऊ देऊ नका. प्यायला मात्र टँकरचं, क्लोरीन टाकलेलंच पाणी. चव बिघडलेली लागते म्हणून ओढ्या-विहिरीचं पिऊ नका. वारीत पाय दुखून घरी जाणारे कमी, पोट बिघडून जाणारे जास्त.

याच कारणासाठी वाटेत फुकट मिळणारं सगळं खाऊ नका. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, उपमा, पुन्हा चहा, वडापाव, भाताची खिचडी... दर शंभर पावलांवर कुणीतरी हातात प्रेमाने काहीतरी ठेवतं. नाही म्हणवत नाही हे खरं. तरी चहा दोनदा, बाकी दिंडीच्या पंगतीत. पंगतीत ताट भरलं तरी ‘पुंडलिक वरदे’चा गजर झाल्याशिवाय घास उचलत नाहीत. वाढायला उभे राहिलात तर फारच उत्तम. दोन दिवसांच्या पाहुण्याचा घरचा माणूस होतो तो त्या बादली-पळीमुळे.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. ती चुकवू नका. सगळ्या दिंड्या आपापल्या जागी टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. मग तिची विचारपूस होते, गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्यानंतर सापडलेल्या वस्तू पुकारतात. काही हरवलं असेल तर पोलिसांकडे धावण्याआधी इथे कान देऊन ऐका. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिचं हे रोज दिसणारं रूप आहे.

आरती झाली की जेवण आणि झोप. कीर्तन ऐकायचं मन होईल, ऐका. पण पहाटे तीनला उठायचं आहे हे विसरू नका.

६. पहिली चाल: जेजुरी ते वाल्हे

पहाटे कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला तंबू उतरवून सामान ट्रकमध्ये, दुसऱ्याला दिंडी रस्त्यावर आपल्या जागी, तिसऱ्याला पालखी हलते. पहिल्या कर्ण्याला तुम्ही अंथरुणात असाल तर वरून तंबू निघालेला असेल. वळकटी ट्रकमध्ये वेळेत द्या. ट्रक पुढच्या मुक्कामी आधी जातो, तुमच्यासाठी थांबत नाही.

दिंडीतली जागा ठरलेली असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या व इतर बायका. नवख्याने टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीच्या कडेला किंवा विण्याच्या मागे चालावं. विणेकऱ्याच्या पुढून आडवं जायचं नाही, दोन ओळींमधून घुसायचं नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर दोन दिंड्यांमधल्या मोकळ्या जागेतून. टाळ वाजवता येत नसेल तर हातात घेऊ नका, टाळ्या चालतात. अभंगांचा क्रम ठरलेला असतो, पुढचा म्हणेल ते मागून म्हणायचं. हरिपाठाची छोटी पोथी खिशात असली तर चार दिवसांत निम्मा पाठ होतो.

समोरून कुणी पाया पडलं, मग ते सत्तरीचे आजोबा का असेनात, तर गोंधळून मागे सरकू नका. तुम्हीही वाका. पुढे जायला वाट हवी असेल तर ‘माऊली, माऊली’ म्हणा, ‘एक्सक्यूज मी’ला कुणी वळून बघत नाही.

वाट दौंडज खिंडीतून जाते. चढ फार नाही, पण ऊन असेल तर जाणवतो. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला; आषाढाच्या तोंडावरही इथे कडक ऊन पडू शकतं आणि तासाभरात सरही येऊ शकते. टोपी किंवा उपरणं हवंच. अंतर कमी असल्याने वाल्ह्याला लवकर पोचायला होतं. वाल्मीकींचं ठिकाण म्हणून हे गाव सांगतात. दुपार मोकळी मिळाली म्हणून गावभर भटकू नका. पाय धुऊन, कोरडे करून, तेल लावून उंच ठेवून पडा. उद्याचे वीस किलोमीटर इथेच सोपे होतात.

७. दुसरी चाल: वाल्हे, नीरा, लोणंद

हा लांब दिवस. पिंपरे खुर्दवरून नीरेला यायचं, दुपारचा विसावा तिथे. नदीवरच्या दत्त घाटावर माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात. त्या वेळी घाटावर आणि पुलावर प्रचंड रेटा असतो. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर घाटावर उतरूच नका, पुढे जाऊन पाडेगावच्या बाजूला सावली धरा. नदी ही पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द, पूल ओलांडला की सातारकर स्वागताला उभे असतात.

नदीत उतरायचं का? वरच्या अंगाला वीर धरण आहे. पाणी सोडलेलं असेल तर घाटाच्या पायऱ्यांवरून तांब्याने डोक्यावर घ्या आणि समाधान माना. पोलीस किंवा होमगार्ड अडवत असतील तर हुज्जत नको.

पाय बोलायला लागतात ते नीरेनंतर. जेवण झालेलं, ऊन डोक्यावर, आणि पायाखाली रुंद केलेला पालखी महामार्ग. या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. गाड्यांना रस्ता छान झाला. चालणाऱ्याला मात्र काँक्रीट गुडघ्यात लागतं आणि जुन्या झाडांची सावली अनेक ठिकाणी उरलेली नाही. जिथे मातीची बाजूपट्टी मिळेल तिथे तिच्यावरून चाला. दर तासाला पाच मिनिटं बसा. पंधरा मिनिटं बसलात तर उठवत नाही.

टाचेला किंवा बोटाला चुरचुर जाणवली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही. आलेला फोड फोडू नका. वैद्यकीय पथकं ठिकठिकाणी असतात, तिथे पट्टी करून घ्या. जांघा घासत असतील तर खोबरेल तेल सकाळीच लावायचं. वाटेत चपला शिवून देणारे, पायाला तेल चोळून देणारे सेवेकरी बसलेले असतात. पाय पुढे करायला संकोच वाटतो, पण ते त्यासाठीच बसलेत. चक्कर, छातीत दुखणं, घाम येऊनही थंड पडणं असं काही झालं तर ‘थोडं पुढे जाऊन बघू’ म्हणू नका. १०८ ला फोन, किंवा जवळच्या पोलिसाला सांगा.

लोणंद कांद्याच्या बाजाराचं गाव आहे, दुकानं भरपूर. काही विसरलं असेल, संपलं असेल, तर इथे घ्या. मुक्काम लांबलेला असेल त्या वर्षी कपडे धुऊन वाळवून घ्यायला हीच जागा.

८. तिसरी चाल: चांदोबाचा लिंब आणि तरडगाव

लोणंदहून पालखी सहसा दुपारी निघते, म्हणून सकाळची घाई नाही. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सरकून मधे वाट करतात आणि त्या वाटेने दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या अश्वावर माऊली बसलेल्या असतात ही वारकऱ्यांची श्रद्धा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे.

दिंडीत असाल तर तुमची जागा आपोआप ठरते, तिथेच उभे राहा. मोबाइल पुढे काढून वाटेत वाकू नका. घोडा धावत येतो आणि त्याला तुमच्या व्हिडिओशी देणंघेणं नसतं. अश्व गेल्यावर टापांखालची धूळ कपाळाला लावायला एकदम झुंबड उडते. लोक पडतात ते तेव्हा, घोडा धावताना नव्हे. रेटा ओसरू द्या, धूळ कुठे जात नाही. लहान मुलाला खांद्यावर घ्या आणि मागच्या ओळीत थांबा. ट्रकच्या टपावर, झाडाच्या फांद्यांवर चढणाऱ्यांच्या खालीही उभे राहू नका.

९. परत निघताना

तरडगावच्या तळावर पोचलात की ट्रकमधून वळकटी आधी ताब्यात घ्या. ‘आरती झाल्यावर घेऊ’ म्हणाल तर तोवर तिच्यावर अख्खी दिंडी लादलेली असेल. दिंडीप्रमुखांना सांगून, विण्याला नमस्कार करून निघा. न सांगता गेलात तर रात्री माणसं मोजताना तुमचा शोध सुरू होतो.

पालखीमार्गावरून त्या संध्याकाळी एसटी मिळेलच असं नाही. लोणंद आठ किलोमीटर मागे आहे, तिथे रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड दोन्ही. पालखी पुढे सरकल्यावर मागचा रस्ता टप्प्याटप्प्याने उघडतात, तेव्हा लोणंदकडे जाणारी जीप किंवा टेम्पो मिळतो. शेवटच्या गाडीची वेळ गाठायच्या भरवशावर राहू नका. घाई नसेल तर ती रात्र तळावरच काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पालखी फलटणकडे निघाल्यावर, निवांत निघा.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नियोजन करू नका. पाय सुजलेले असतात, मीठ घातलेल्या कोमट पाण्यात बसवा. दिंडीप्रमुखांचा नंबर ‘वारी’ नावाने सेव्ह करून ठेवा. पुढच्या वर्षी फलटणच्या पुढचा टप्पा धरायचा असेल, तर फोन ज्येष्ठ लागायच्या आधी करायचा असतो.